मोठ्या सिस्टर आणि तारणाची ओळ

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांनी त्यांना हार घातला, भाषणं केली आणि घरी जाऊन सुटकेचा निःश्वास टाकला, असं बोलतात. त्यात तथ्य असावं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांनी तीन बड्या डॉक्टरांना लेबर रूमबाहेर काढलं होतं. एकाला हात न धुता आल्याबद्दल, दुसऱ्याला कळा देणाऱ्या बाईवर खेकसल्याबद्दल आणि तिसऱ्याला केसपेपर न वाचताच औषध सांगितल्याबद्दल. पहिल्या दोघांना त्यांनी पुढे माफ केलं. तिसऱ्याचा विषय निघाला की अजूनही त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो.

केसपेपर पहिल्या पानापासून वाचायचा, हा त्यांचा नियम होता. आधीच्या पाळीची नर्स काय सांगून गेली, नातेवाईक काय म्हणतात, शेवटच्या ओळीत काय लिहिलंय, एवढ्यावर पेशंटला हात लावायचा नाही. "शेवटची ओळ कोणीही वाचतं," त्या नव्या नर्सेसना सुनवायच्या, "आपल्याला पगार आधीची पानं वाचण्याचा मिळतो." नव्या पोरी त्यांना टरकून असत आणि स्वतःच्या बाळंतपणाची वेळ आली की मात्र सिस्टरच हव्यात म्हणून हटून बसत.

त्यांना एकच मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मधोमध असतो आणि घरातल्या वादातही तीच जागा धरून ठेवतो. सून चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, मोठ्या डॉक्टरांनी होणार नाही असं स्पष्ट सांगितलं. सिस्टरांनी तोही केसपेपर पहिल्या पानापासून वाचला आणि एका शब्दाने हुज्जत घातली नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये सून सगळ्यात लहान मुलांचा वर्ग घेते. सव्वीस मुलं आहेत, त्यातली निम्मी तिच्या ओढणीला लोंबकळत असतात.

त्या वर्गावरूनच सगळं पेटलं.

चर्चचे सेक्रेटरी एका गुरुवारी दुपारी घरी आले. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे समोर बसलेला माणूस कितीही वर्षांचा असला तरी त्यांना तो पाचवीतलाच वाटतो. बिस्किट चहात बुडवत त्यांनी सुरुवात केली.

"सिस्टर, गैरसमज नको. पण काही पालकांचं म्हणणं पडलं, की लहानांचा वर्ग आई झालेल्या बाईकडे असावा. तीन महिन्यांनी सभा आहे, तेव्हा ठरवून टाकू. शास्त्राचाही आधार आहे त्याला."

मग त्यांनी घसा साफ केला आणि बायबलमधली, प्रेषित पौलाने शिष्य तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, दुसऱ्या अध्यायाच्या अगदी शेवटची ओळ म्हणून दाखवली. स्त्रीचं तारण, म्हणजे उद्धार, मूल जन्माला घालण्यातून होईल, अशा अर्थाची.

"आता हे मी म्हणत नाही," ते म्हणाले, "वचनच म्हणतंय."

सून रिकामे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

"बिस्किट संपवा," सिस्टर म्हणाल्या, "आणि निघा. सभेत मी उत्तर देईन. शास्त्रातूनच देईन."

त्यांना दारापर्यंत पोचवून सिस्टर आत आल्या, तर सून वर्गाचे तक्ते आणि पुठ्ठ्याचे प्राणी एका खोक्यात भरत होती. हत्तीची सोंड वर येत होती, ती तिने हळूच दुमडली.

"हे कुणाकडे द्यायचं ते त्यांनाच विचारा, आई."

"वेड लागलंय का तुला? तो बाबा काहीतरी बरळला म्हणून?"

"त्यांचं सोडा हो. पुस्तकातच आहे. मी किती वेळा वाचलंय ते. दर वेळी पान पटकन उलटते."

सिस्टर खोक्याशेजारी बसल्या. सेक्रेटरीला त्या सहज पुरून उरल्या असत्या, त्यात काही विशेष नव्हतं. पण या पोरीने ती ओळ मनाला लावून घेतली होती. देवाच्या घरात आपल्याला जागा नाही, हे तिने मुकाट्याने मान्य करून टाकलं होतं, तेही कितीतरी वर्षांपूर्वी. वर्ग गेला तर परत मिळवता आला असता. ही समजूत तशीच राहिली तर सून हसत-बोलत राहील, दुकानात जाईल, स्वयंपाक करेल आणि आतून संपून जाईल. सिस्टरांनी असं संपताना बायका पाहिल्या होत्या.

उत्तर देईन म्हणून बोलून तर बसल्या होत्या, पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. उलट त्या ओळीवरून स्वतःच्याच मनात एक जुनी गाठ होती आणि ती त्यांनी नवऱ्यालाही कधी दाखवली नव्हती.

नोकरीच्या पहिल्या तेरा वर्षांत सिस्टर ती ओळ बायकांच्या कानात सांगत असत. कळा असह्य झाल्या, बाईने धीर सोडला, की तिचा हात धरून म्हणायच्या, देवाने लिहून ठेवलंय, यातून तू तरशील. बायकांना बरं वाटायचं. एका दुपारी, भेटीच्या वेळेत, गणवेश शिवणारी एक बाई दुसऱ्या खेपेला आली होती. तिने सिस्टरांचं मनगट घट्ट धरून विचारलं होतं, "नक्की ना, सिस्टर?" आणि सिस्टर म्हणाल्या होत्या, "नक्की. देवाचा शब्द आहे." मुलगा झाला, खणखणीत रडला. मग रक्तस्राव सुरू झाला तो कशानेच थांबेना. दीड तासाने ती बाई गेली. बाहेर तिची आई फळांची पिशवी घेऊन बसली होती.

त्यानंतर ती ओळ सिस्टरांच्या तोंडून पुन्हा कधी निघाली नाही. ती अशी का आहे, हेही त्यांनी कुणाला विचारलं नाही. तीस वर्षं त्यासुद्धा ते पान पटकन उलटत आल्या होत्या.

आता मात्र त्या पान उघडून बसल्या. तीनच गोष्टी शक्य होत्या. ओळ खोटी, किंवा देव खोटा, किंवा आपण वाचलं ते चुकीचं. पहिल्या दोन मानायला सिस्टर तयार नव्हत्या. श्रद्धा म्हणून त्यांच्यापाशी जे काही होतं ते एवढंच, पण ते घट्ट होतं. राहता राहिली स्वतःची चूक, आणि चूक शोधायची तर केसपेपर काढावा लागतो.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, शिक्षण देणाऱ्या विद्यालयाचं ग्रंथालय दोन बस बदलून जाण्याच्या अंतरावर होतं. तिथल्या ग्रंथपालबाई काटकुळ्या आणि हळू बोलणाऱ्या, पण ग्रीक कोळून प्यायलेल्या. सहासष्ट वर्षांच्या बाईने मूळ भाषेत एक पत्र वाचायचं म्हणून समोर वही ठेवली, तेव्हा त्यांनी अक्षरांचा तक्ता काढून दिला. सिस्टरांनी तो फ्रिजवर चिकटवला. मुलगा चार दिवस तो चुकवून दूध काढत होता, पाचव्या दिवशी त्यालाही सहा अक्षरं येऊ लागली.

पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं, तेव्हा सिस्टर कपाळावर हात मारून घेतात की काय अशी वेळ आली. पेशंट कोण, आजार काय, हे सुरुवातीलाच लिहिलेलं होतं. तीमथ्य इफिस शहरात आहे, तिथे काही लोक भलतंसलतं शिकवतायत, त्यांना आवर, यासाठी हे पत्र. चौथ्या अध्यायात तर त्या लोकांचं म्हणणंही दिलं होतं, की लग्नच करू नका. मग अशा गावातल्या बायकांना, संसार केलात आणि मुलं झाली म्हणून तुमचं तारण अडत नाही, असा धीर कोणी दिला असेल तर? आपण आजार वाचलाच नाही, सिस्टरांना वाटलं, शेवटचं औषध तेवढं पाठ केलं आणि दिसेल त्या बाईला पाजत सुटलो.

भाषेनेही त्यांना हिसका दिला. तारण या अर्थाचा तो ग्रीक शब्द शोधत त्या प्रभूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात पोचल्या. बारा वर्षं रक्तस्रावाने बेजार झालेल्या बाईला प्रभू जिथे म्हणतो, की तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं, तिथे हाच शब्द होता. ग्रंथालयाच्या त्या गार खोलीत सिस्टरांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

बाहेरचा पुरावा मिळाला तेव्हा मात्र त्या हरखल्याच. इफिस म्हणजे अर्तमी देवीच्या प्रचंड देवळाचं शहर, आणि त्या काळच्या ग्रीक बायका बाळंतपणात याच नावाच्या देवीचा धावा करायच्या. सिस्टर टाळी वाजवून म्हणाल्या, "सापडला! देवीकडे धावू नका, प्रभू सांभाळेल, एवढंच सांगितलंय पौलाने. आता बघते त्या सेक्रेटरीकडे."

"सिस्टर," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे एक मत आहे. इफिसच्या देवीचा बाळंतपणाशी कितपत संबंध होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुरावा तोकडा आहे. तुम्हाला हवाय म्हणून तो ताणू नका."

सिस्टर फणकाऱ्याने उठून गेल्या. घरी पोचेपर्यंत दोन्ही बसमध्ये धुसफुसत होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत हजर. आपण सेक्रेटरीच्या डोक्यात घालायला काठी शोधत होतो, हे त्यांना उमगलं होतं आणि त्याची लाजही वाटली होती. "दोन्ही बाजूंची पुस्तकं काढा," त्या म्हणाल्या.

सभेला हॉल भरला होता. सून मागच्या बाकावर बसली होती. ती यायलाच तयार नव्हती. सेक्रेटरींनी ठराव वाचला, ओळ वाचली आणि सिस्टरांकडे बघून हसले.

"सिस्टर ग्रीक शिकल्यात म्हणे. आता त्या आपल्याला नवीन बायबल देणार."

"जुनंच देते," सिस्टर उठल्या, "पण पूर्ण देते. तुम्ही एक ओळ वाचलीत. मी सगळं पत्र वाचलंय."

त्यांनी सगळं सांगितलं. इफिस, लग्नाला मनाई करणारे लोक, तो शब्द, ती देवी, आणि देवीबद्दलचा पुरावा तोकडा आहे हेसुद्धा. "आणि सेक्रेटरीसाहेब, लग्न न केलेलं बरं, असं याच पौलाने दुसऱ्या एका गावच्या लोकांना पत्रात लिहिलंय. मूल झाल्याशिवाय बाईचं तारण नाही असं त्याला म्हणायचं असतं, तर अविवाहित बायकांना त्याने हा सल्ला दिला असता का? बारा वर्षं आजारी होती त्या बाईला प्रभूने विश्वासावर बरं केलं. तुला मुलं किती, असं विचारल्याचं कुठे लिहिलं असेल तर दाखवा."

"मग ओळीचा नेमका अर्थ काय? सांगा की."

"नेमका मला माहीत नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलले.

"तीन अर्थ संभवतात, ते मी वहीत उतरवलेत, कोणीही बघा. खरा कोणता ते सांगायची माझी लायकी नाही. काय अर्थ नाही, ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो अर्थ मी स्वतः वापरलाय." त्यांनी वही मिटली. "तेरा वर्षं मी ही ओळ बायकांच्या कानात सांगितली. एकीने मला विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. दीड तासाने ती गेली. देव खोटं बोलला नव्हता, मी बोलले होते. न वाचता बोलले होते. आज तुम्ही तेच माझ्या सुनेला करताय, आणि ते मी होऊ देणार नाही. ठराव करा नाहीतर पुरून ठेवा. जोवर माझ्या तोंडात जीभ आहे, तोवर मी हे प्रत्येक रविवारी इथे उभी राहून सांगेन."

पाळकसाहेब तरुण आणि मऊ स्वभावाचे, वादाला फार भिणारे. ते घाईने उभे राहिले.

"भावना सगळ्यांच्याच चांगल्या आहेत. ठराव आपण बाजूला ठेवू. त्यापेक्षा सगळे मिळून प्रार्थना करू, प्रभू आपल्या या बहिणीची कूस उजवो. मग प्रश्नच उरणार नाही."

सगळ्यांना हायसं वाटलं. माना खाली गेल्या, डोळे मिटले. सिस्टरांनीही मिटले. सात वर्षं रोज सकाळी त्या हेच मागत होत्या.

"थांबा."

मागच्या बाकावरून सून उठली होती.

"ही प्रार्थना नको. सात वर्षं तुम्ही सगळे माझ्यासाठी मूल मागताय. आमेन म्हणताना दर वेळी मला वाटतं, मी अजून दारातच उभी आहे, आत घ्यायचं की नाही ते ठरायचंय. आता ऐकलंत ना सगळं? मी आत आहे. तुम्ही ज्या विश्वासाने आत आलात, त्याच विश्वासाने."

"पोरी, प्रार्थनेला नको म्हणू नये," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणतेय मी." मग ती पुढच्या बाकाकडे वळली. "आई, तुम्हीसुद्धा डोळे मिटलेत."

सिस्टरांनी डोळे उघडले. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

सुनेने मान हलवली आणि ती लोकांकडे वळली. "रविवारी साडेआठला वर्ग आहे. आपलं मूल माझ्याकडे पाठवायचं नसेल, त्यांनी आत्ता उभं राहून माझ्या तोंडावर सांगावं."

ती वाट बघत उभी राहिली. सिस्टर पुढच्या बाकावरून चालत मागे आल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि एकेका पालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बघू लागल्या.