निळ्या हत्तीची रिकामी जागा

आमच्याकडं एक चित्र आलं की त्याच्यामागून दोन किस्से येतात. चित्रं कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. म्हणून थोडे इथं लिहितो.

आठवीनंतर मी लातूरच्या फर्निचर कारखान्यात लागलो. टीव्हीवरच्या कार्टूनचं लायसन्स घेऊन तिथं लहान मुलांच्या खुर्च्या बनतात. पूर्वी प्रत्येक डिझाईन चाकूरचे कांबळेमामा आधी हार्डबोर्डवर हातानं रंगवायचे. कार्टून कंपनीनं पास केलं की त्यावरून हजारो खुर्च्या छापल्या जायच्या. मामांची सही कुठंच नसायची. पुढं कॉम्प्युटर आला आणि मूळ चित्रं अडगळीत गेली. ती मी आणि नांदेडचे भंगारवाले गणीभाई गोळा करतो. सगळी मिळाली, एक सोडून. मामांचं पहिलं चित्र, निळा हत्ती. कुठलंही चित्र घेऊन गेलो की मामा आधी विचारायचे, "हत्ती हाय का?"

गणीभाईंना एक वाघ मिळाला. त्याच्या पोटावर पांढरा गोल होता. रंग उडाला समजून त्यांनी नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून तो भरून घेतला आणि ऐटीत मामांना दाखवला.

मामा म्हणाले, "तिथं बोल्ट येतो, गणीभाई. जागा मुद्दाम सोडली होती."

आता गणीभाई पाहुण्यांना आधी पांढरे गोलच दाखवतात. "ये देखो. गोल न्हाई, तर माल असली न्हाई."

सशाची चित्रं तीन आहेत. कंपनीनं दोनदा शेरा मारून परत पाठवली होती, 'हसू कमी करा.' मामांनी दोनदा कमी केलं.

"पोरगं पाठ टेकून बसणार," मामा म्हणाले, "मागचं हसू बघणार कोण?"

आम्ही तिन्ही ओळीनं लावतो. बघणारे हळहळतात, "बिचाऱ्याच्या घरी काय झालं असंल?"

लातूरच्या एका डाळीच्या दुकानात अस्वलाचं चित्र पिंपावर झाकण म्हणून होतं. मागायला गेलो, पण तोंडच उघडेना. दोन किलो तूरडाळ घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, "दुकान टाकायलास का काय?"

तिसऱ्या खेपेला शेटजींनी पिंपावरचं झाकणच काढून हातात दिलं. "घेऊन जा बाबा. डाळीकडं तर तू बघतच न्हाईस."

शेवटी हत्तीचा पत्ता लागला. अर्धापूरजवळच्या एका अंगणवाडीत खुर्च्यांच्या खोक्यातून तो पॅकिंगची फळी म्हणून गेला होता. सेविकाताईंनी तो भिंतीवर लावलेला. मी आणि गणीभाई गेलो. त्याच्या बदल्यात नव्या खुर्च्या देतो म्हणालो.

ताई म्हणाल्या, "खुर्च्या कुणालाबी मिळतील. पोरं रोज हत्तीला सांगून घरी जातात. उद्या त्यांना मी काय सांगू?"

नांदेडला आम्ही चित्रं मांडणार आहोत, एवढं सांगून आणि हॉलचा पत्ता ठेवून निघालो.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलच्या दारात मोठ्या अक्षरात मामांचं नाव लावलं. मधली जागा मात्र रिकामी ठेवली. मामा पांढराशुभ्र सदरा घालून आले, सगळी चित्रं बघितली आणि त्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले.

दुपारी बाहेर दोन ऑटो थांबले. आधी पोरं उतरली, मग ताई, हातात चादरीत गुंडाळलेला हत्ती. त्यांनी स्वतःच तो मधल्या खिळ्याला अडकवला.

"दिवस मावळायच्या आत परत न्यायचा हाय," त्या मला म्हणाल्या. "पोरं त्याला एकट्याला सोडंनात, म्हणून आणली."

पोरं हत्तीसमोर ओळीनं मांडी घालून बसली. थोड्या वेळानं मामा चप्पल काढून ओळीच्या शेवटी जाऊन बसले.

ताई त्यांना ओळखत नव्हत्या. त्यांनी वाकून विचारलं, "बाबा, तुम्ही कुणासंगट आलात?"

मामांनी हत्तीवरची नजर काढली नाही. म्हणाले, "ह्याच्याच संगट."