मागडीचे हंस आणि उपरण्याखालची बोटं

होळी झाली की रानहंस उत्तरेकडे निघतात. हुबळीत आमच्या छपरावरून पहाटे त्यांचा गलबला जायचा आणि माझे वडील, अप्पा, अंथरुणातूनच "चालले बघ" म्हणायचे. जन्मभर ऐकले, पाहिले कधीच नाहीत. गेल्या वर्षी अप्पांचे कान गेले. कापसाची दलाली केलेला बोलका माणूस बाजारातही जाईना, घरातही बोलेना. एके दिवशी अचानक फर्मान सुटलं, "ऐकू येत नाही तर बघीन. पाडव्याच्या आत मागडीच्या तळ्यावर जायचं." माझ्या बायकोनं ऊन, वय, सगळं पुढे करून पाहिलं. बहिरेपणाचा एक फायदा असतो, अप्पांनी काहीच ऐकलं नाही.

गदगपर्यंत आगगाडी, पुढे लक्ष्मेश्वरची सर्व्हिस मोटार, मग बैलगाडी. मोटारीत धूळ फुकट मिळते, डोक्याला पंचा बांधा. भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच न्या, तळ्याकाठी काही मिळत नाही.

तळं हंसांनी भरलं होतं. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. अप्पांनी खणखणीत आवाजात विचारलं, "किती असतील रे?" जवळचा सगळा थवा उडाला आणि पार पलीकडे जाऊन बसला. तीनदा असंच झालं. हरभऱ्याचा राखणदार बसप्पा वैतागून मला म्हणाला, "अण्णा, वारं फिरलंय, ही हक्की, पाखरं, आज संध्याकाळी जाणार. अज्जांना सुम्म कुंद्रायला, गप बसायला सांगा की."

माझ्या तोंडाकडे बघून अप्पांना सारं कळलं. "माझ्यामुळंच उडतात ना? नडी, जाऊ परत." ते उठायला लागले. एवढ्या लांब येऊन मी त्यांना असं परत नेणार नव्हतो.

मी त्यांना खाली बसवलं आणि उपरण्याखाली त्यांचा हात धरला. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून ठरवतात. मला हे अप्पांनीच शिकवलेलं. किती, असं त्यांनी विचारलं होतं ना? मी चार बोटं दाबली, म्हणजे चारशे. अप्पांनी पाच दाबली. मी अडून बसलो, तेही अडले. आमची घासाघीस चालू असताना हंस चरत चरत वीस पावलांवर आले.

संध्याकाळी ते रांगांनी उठले. प्रत्येक रांगेला अप्पांनी माझं एक बोट दाबलं. त्यांचे डोळे वाहत होते.

पाडव्याच्या पहाटे छपरावरून पुन्हा गलबला गेला. मी धावत अप्पांकडे गेलो, त्यांच्या पांघरुणात हात घातला आणि तीन बोटं दाबली, तीनशे. अप्पांनी डोळे न उघडताच चौथं दाबलं.