थोरली, मधली आणि मी

नारायणगाव मागे पडलं, रस्त्याकडेला द्राक्षबागा दिसू लागल्या आणि एसटीत बसल्याबसल्या मी वाडीत काय बोलायचं याची उजळणी सुरू केली. नव्वदच्या दशकात या भागात मी सरकारी डॉक्टर होते. पुढे नोकरी सोडून एका संस्थेची प्रमुख झाले आणि याच डोंगरांत संडास बांधून घेतले. आता पुण्याच्या एका कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवत होते. विद्यार्थ्यांना पावसाळाभर राहायला एखादी वाडी हवी होती. इतर गावांनी नकार दिला होता. हीही नाही म्हणाली, तर नवा अभ्यासक्रम गुंडाळावा लागणार होता.

जुन्नरला जीप मिळाली. आंबेगावच्या शिवेजवळचा चढ लागताच ती बंद पडली. ड्रायव्हरच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली, तशी ती सुरू झाली आणि आम्हाला न घेताच निघून गेली. चढावर थांबवली की पुन्हा चालू होत नाही, असं शेजारच्या बाईंनी समजावलं. भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) ओलांडत आम्ही चालत वर पोचलो.

देवळासमोर माणसं जमली. वाडीतले वडीलधारे धोंडूबाबा पुढे बसले. मी पूर्वी इथे डॉक्टर होते, असं सांगताच त्यांनी हळहळून मान हलवली.

"डॉक्टरबाई वारल्या, ताई. लई वाईट झालं."

आम्ही तिघी बहिणी, असं वाडीत ठरलेलं होतं. थोरली डॉक्टर, ती गेल्याची बातमी आली त्या दिवशी कुणी शेतावर गेलं नव्हतं. मधली संडासवाली, ती पहाटे शिट्टी वाजवत उघड्यावर बसणाऱ्या माणसांच्या मागे फिरायची, तिला मात्र परत पाठवू नका, अशी सर्वांची विनंती होती. मी धाकटी, कॉलेजातली.

मी जिवंत असल्याचं पटवायचा खूप प्रयत्न केला. समोर बसलेल्या भागीबाईंच्या लेकीचं बाळंतपण कंदिलाच्या उजेडात कसं केलं, बाळाच्या गळ्याभोवती नाळ कशी गुंडाळली होती, सगळं सांगितलं. भागीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"थोरलीनं तुमाला समदं सांगितलं व्हतं तर."

जेवायला नाचणीची भाकरी आणि कोरड्यास (पातळ कालवण) होतं. थोरलीला तिखट आवडायचं म्हणून मलाही तिखटच वाढलं. मला ते कधीच आवडलं नव्हतं. तेव्हा संकोचाने खायचे. याही वेळी खाल्लं.

शेवटी धोंडूबाबांनी निकाल दिला. "थोरलीच्या नावाखातर कॉलेजची पोरं येऊ द्या."

भागीबाई उतारापर्यंत सोबत आल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "तोंडवळा तिचाच हाय. पर ती लई हसायची."

परतीच्या एसटीत मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. अभ्यासक्रम वाचला होता. पण वाडीला ज्या बाईची आठवण येत होती, तिची मलाही येऊ लागली.

पावसाळा संपवून विद्यार्थी पुण्याला परतले. अहवाल वाचण्याआधी, वाडीच्या इच्छेनुसार, त्यांनी दिवंगत डॉक्टरबाईंसाठी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. आमचे प्राचार्य उठले.

मीही उठले. बाई चांगली होती.