आतल्या खोलीतलं इंटरनेट

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास आमच्या गंगापूर रोडच्या घरात इंटरनेट दोन तऱ्हांनी चालायचं. राउटर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. नवऱ्याचा लॅपटॉप वायफायवर चालायचा, घरात कुठेही घेऊन बसा. माझा कॉम्प्युटर मात्र जुना, त्याला वायफाय ठाऊकच नव्हतं. त्याच्यासाठी राउटरपासून एक केबल ओढली होती. भिंतीच्या कडेकडेने जाऊन ती आतल्या खोलीच्या दाराखालून माझ्या टेबलापर्यंत यायची.

त्या टेबलावर मी मराठी पुस्तकांचं डीटीपी करायचे. पुण्याहून हस्तलिखितं यायची, मी ती टाइप करून, पानं लावून ईमेलने परत पाठवायचे. माझे फॉन्ट, माझी जुनी कामं, सगळं त्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. नवरा ओझरच्या विमान कारखान्यात, सकाळीच बसने जायचा आणि लॅपटॉपही त्याच्याबरोबर जायचा. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंनी सातपूरच्या एका कारखान्यात स्विच जोडण्याचं काम निवृत्तीपर्यंत केलं होतं. आता दुपारी त्या हॉलमध्ये टीव्ही लावून बसायच्या. कानांनी जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे आवाज मोठा. म्हणून मी दार लावून काम करायचे.

एका पावसाळ्यात माझं इंटरनेट जायला लागलं. काम पाठवायला बसावं, तर कोपऱ्यात लाल फुली आणि ‘केबल जोडलेली नाही’ असा संदेश. उठून हॉलमध्ये यावं, तर राउटरचे सगळे दिवे हिरवेगार. केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी, आत जाऊन बघावं, तर चालू. हुश्श करून कामाला लागावं, की थोड्या वेळात परत फुली.

कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता. “मॅडम, वायफाय चालतंय का?”

“चालतंय. तो प्रश्नच नाहीये.”

“मग आमच्याकडून नेट ओके आहे, मॅडम. तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम असेल.”

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने येऊन बघितलं, तो बसलेला असेपर्यंत नेट सुरळीत चाललं. केबलच्या दोन्ही टोकांना त्याने तपासायची डबी लावली, तिचे दिवे एकामागोमाग एक पेटले. “केबल चांगली आहे, मॅडम. फॉरमॅट मारून बघू?” मी नाही म्हटलं. तो जिना उतरून गेला, मी आत येऊन बसले, आणि नेट गेलं.

संध्याकाळी नवरा हसून म्हणाला, “तुझ्या हाताला लाजतंय बहुतेक ते.” त्याने गमतीत म्हटलं, पण मला लागलं. माणूस आला की दुखणं गायब होतं, म्हटल्यावर आपलंच काहीतरी चुकतंय असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायला लागलं होतं.

मग मी ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही, एकेक गोष्ट स्वतः तपासायची. कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला आणि राउटरच्या खोक्यात आलेल्या आखूड केबलने जोडला. टीव्हीवरच्या भांडणांमध्ये अख्खी दुपार पानं लावली. एकदाही नेट गेलं नाही. म्हणजे कॉम्प्युटर चांगला, राउटरचं भोकही चांगलं. राहिली लांब केबल. पण ती तर तपासून झाली होती!

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर परत आत नेला आणि सासूबाईंना म्हटलं, “आई, आज टीव्हीबरोबर या राउटरकडेही लक्ष ठेवाल का? हा दुसरा दिवा माझ्या केबलचा. तो गेला की मला हाक मारा.”

त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. “हा होय? हा तर तू कामाला बसलीस की जातोच की.”

“म्हणजे?”

“अगं, तू आत जाऊन बसलीस की हा विझतो. बाहेर आलीस की लागतो. मी त्याच्यावरूनच तर ओळखते. परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या, त्यांना मी म्हटलं, दिवा गेलाय, म्हणजे ती कामात आहे, आत्ता हाक मारू नका.”

एवढे दिवस मी ज्या दिव्यासाठी जीव टाकत होते, तो विझला की सासूबाई माझ्या कामाचा मान राखून गप्प बसत होत्या.

“आई, आता नीट बघा हं,” म्हणत मी आत गेले. टेबलाशी बसले.

“आहे!” बाहेरून आवाज आला.

मी उठून दार लावलं.

“गेला!”

दार उघडलं.

“आला!”

पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. गेला, आला. सासूबाई टीव्ही बंद करून दाराशी आल्या. आम्ही दोघी खाली वाकलो. पावसाळ्याने दार फुगलं होतं आणि त्याची खालची कड केबलवर बसत होती. वरचं निळं आवरण नुसतं चपटलेलं दिसत होतं. सासूबाईंनी त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “आत तार तुटलीय. दाबली की सुटते, सोडली की टेकते.” मी तपासायला बाहेर यायचे ती दार उघडूनच यायचे. मेकॅनिकनेही केबल तपासली ती उघड्या दारात. दुखणं खरं होतं. मला भास झाला नव्हता. मी तिथेच फरशीवर बसून मोठ्याने हसले, आणि सासूबाईही हसायला लागल्या.

पुन्हा माणूस बोलावून त्याला हे समजावत बसण्याचा मला कंटाळा आला होता. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातून केबल, टोकांना लावायचे प्लास्टिकचे कनेक्टर आणि ते दाबून बसवायची पक्कड आणली. दुकानदाराने आठ तारांचा रंगांचा क्रम मला म्हणून दाखवला. रिक्षात घरी येईपर्यंत मी तो पाठ करत होते.

तारा सोलायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. “दे इकडे, हे माझं काम आहे.” निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातात पक्कड मी पाहिली नव्हती. त्यांनी आवरण असं काढलं की आतल्या एकाही तारेला ओरखडा नाही. पीळ सोडवून, तारा सरळ करून त्या एकेक रंग माझ्या हातात द्यायच्या आणि मी क्रमाने लावायचे. पहिलं टोक फसलं, हिरव्या आणि निळ्याची अदलाबदल झाली. ते कापून टाकलं. पुढची दोन्ही टोकं नीट बसली.

या वेळी केबल दाराखालून नेलीच नाही. चौकटीच्या वर भिंतीला जुनं भोक होतं, त्यातून ती आत घेतली. मी स्टुलावर आणि सासूबाई स्टूल धरून. सगळं जोडलं आणि मी दार गच्च लावून घेतलं.

“आहे!” बाहेरून सासूबाई ओरडल्या. “अजून आहे! लावलंस ना दार?”

“लावलंय!”

“आहे गं, आहे!”

संध्याकाळी नवऱ्याने स्वतः दार लावून आणि उघडून पाहिलं, चौकटीवरची केबल पाहिली, कनेक्टर उलटसुलट करून पाहिला. तो दिवसभर विमानांच्या वायरिंगमध्ये असायचा, त्यामुळे त्याची नजर कडक. “फिनिशिंग चांगलं आहे,” म्हणाला. “सोललं कुणी?”

“आईंनी.”

तो आईकडे वळला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शोधलं तिने. मी नुसतं सोललं.”

पण दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये ही गोष्ट त्यांनीच सगळ्यांना सांगितली, दार लावून, उघडून, ‘गेला!’, ‘आला!’ असं ओरडून. आठवड्याभरात वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. त्यांच्याकडेही लॅपटॉपवर नेट चालत होतं आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर बंद होतं. मी हातातलं पान पुरं करून बाहेर आले, तर सासूबाई साडी बदलून, चष्मा लावून दाराशी उभ्या होत्या. पक्कड पिशवीत टाकलेली होती.

“चल,” म्हणाल्या, “आपल्याला बोलावलंय.”