आंघोळीच्या जागी पाझर तलाव

"काका, हा कट बघा. दिग्दर्शकाची सगळी प्रतिभा इथं आहे!"

पुण्याहून आलेला एक तरुण, जुन्या पिक्चरांचा संग्राहक, मला लॅपटॉपवर दाखवत होता. नायिका हौदाकडे जाते, पदर ढळतो, आणि एकदम चाळीस माणसं कुदळीनं तलाव खोदताना दिसतात. सात मिनिटं. मग नायिका केस पुसत येते.

तो कट माझा होता.

मी औरंगाबादच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. बहात्तरचा दुष्काळ होता. 'फक्त प्रौढांसाठी'चा मॉर्निंग शो मात्र हाऊसफुल्ल. कुणीतरी तक्रार केली. तपासणी येणार म्हणून मॅनेजर केबिनमध्ये धावत आले.

"नहाने का सीन निकाल."

"साहेब, सात मिनिटं कमी होतील. पब्लिक खुर्च्या फोडंल."

"कुछ भी चिपका दे. वक्त भरना चाहिए."

तेव्हा पिक्चरआधी सरकारी माहितीपट दाखवावा लागे. पाझर तलावाचा हाताशी होता. फिल्म कापली, कडा खरवडल्या, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडली. कापलेली आंघोळ भीतीपोटी जाळून टाकली.

त्या दिवशी दुष्काळी कामावरचे मजूर सुट्टी म्हणून आले होते. तलाव दिसताच मागून ओरडा झाला, "आरं, हप्ताभर हेच खांदून आलो! तिकीट काढून बी तेच व्हय?"

तपासनीस मात्र खूश. पिक्चर समाजोपयोगी ठरला.

प्रिंट परत गेलीच नाही. टॉकीज पाडून कॉम्प्लेक्स झालं, तेव्हा भंगारातून ती या मुलाकडे पोचली. दुसरी प्रिंट कुठंच नाही. म्हणजे एका माणसाचा पिक्चर मी कायमचा बिघडवला होता.

"असल्या पिक्चरात काय बघता रे?" मी विचारलं.

"चांगले पिक्चर सगळेच बघतात. आम्हाला वेडे लागतात. वासना आणि दुष्काळ एका कटात!"

मी खरं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "काका, पुढच्या महिन्यात याच सीनसाठी दिग्दर्शकांचा सत्कार आहे."

मी नंबर घेऊन दिग्दर्शकांना फोन केला. म्हाताऱ्या माणसाची माफी मागितली.

"आंघोळ फार वाईट झाली होती हो," ते म्हणाले. "टँकर आलाच नाही. बाई कोरड्या हौदात बसून अंग चोळत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाल घालतंय. मी आहे तोवर गप्प बसा."

बसलो. गेल्या वर्षी ते गेले, म्हणून आज लिहिलं.

चूक लगेच कबूल करावी. उशीर केला की तिचा सत्कार होतो.