जागेवरमामांचा बंद फोन

पडदा वर जातो, पण तो समोरचा मखमली पडदा नव्हे. हा मागचा, काळ्या जाड कापडाचा, एका कोपऱ्यात उंदराने चाखून पाहिलेला. तो बाजूला सारला की विंगेत एक लांबट टेबल दिसतं. टेबलावर पांढरा कागद डकवलेला आणि कागदावर जाड पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या: चष्मा, फुलदाणी, कप, औषधाची बाटली, फोन. नाटकात पात्रांच्या हाती जाणारी प्रत्येक वस्तू त्या कागदावर ठेवून तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवलेली आहे. वस्तू रंगमंचावर गेली की तिचं घर रिकामं होतं, परत आली की भरतं. पहिली घंटा होते तेव्हा एकही घर रिकामं दिसता कामा नये.

टेबलाशेजारी स्टुलावर, हातात पिवळं फडकं घेऊन, उंच, वाळके, भुवया कायम वर चढलेले एक गृहस्थ बसलेले आहेत. नाटकवाले या सामानाला प्रॉपर्टी म्हणतात आणि ती सांभाळणं हे यांचं काम. किती राजांच्या हाती त्यांनी तलवारी दिल्या आणि किती विषाचे पेले विसळून पालथे घातले, ते त्यांनाच ठाऊक. "आधी जागेवर ठेव, मग काय रडायचं ते रड," असं त्यांनी भल्याभल्या नायिकांना सुनावलं होतं. म्हणून कंपनीत त्यांना सगळे जागेवरमामा म्हणत. मामांच्या टेबलावरून टाचणी हरवली, असं त्यांच्या वैऱ्यानेही कधी म्हटलं नव्हतं.

घरची गोष्ट मात्र निराळी. बायको गेल्यापासून मामा मुलीकडे राहत, आणि त्या घरात त्यांचा चष्मा, किल्ली आणि छत्री आळीपाळीने परागंदा होत. किल्ली एकदा फ्रिजमध्ये सापडली, दह्याशेजारी. एकदा गॅस सुरू राहिला आणि दूध, पातेलं, झाकण सगळं एकाच रंगाचं झालं. मामांचं म्हणणं असं की दोष डोक्याचा नाही, घराचा आहे. या घरात कशालाच घर आखलेलं नाही. एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेन्सिलीने डब्यांची घरं आखायला घेतलीही होती. मुलीने ती घासून काढली.

मुलगी दातांची डॉक्टर. लोकांना आ करायला लावून मग प्रश्न विचारायची सवय असल्याने उत्तराची वाट पाहणं तिला माहीतच नव्हतं.

"बाबा, आता एक वस्तू जरी हरवली ना, तर थिएटर बंद. घरी बसायचं. रस्त्यात स्वतःलाच कुठे विसरलात तर मी कुणाला विचारू?"

आणि नेमका त्यानंतरच्याच प्रयोगाला मामांचा फोन नाहीसा झाला.

प्रयोग संपला, वस्तू पेटीत गेल्या, मामांनी खिशात हात घातला आणि हात रिकामा बाहेर आला. त्यांनी सगळे खिसे पाहिले, मग पुन्हा तेच खिसे पाहिले. विंग, रंगपट, स्टुलाखाली, पेटीमागे, सगळं पालथं घातलं. कपडेपटाच्या ताईंच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला, तर एक गोड बाई म्हणाली की हा फोन बंद आहे. फोनचं त्यांना फारसं नव्हतं. मुलीने बळेच घेऊन दिला होता, आणि तोही त्यांनी हट्टाने जुन्याच मापाचा, जुन्यासारख्याच तपकिरी कव्हरातला घ्यायला लावला होता. पण फोन हरवला म्हणजे टेबल गेलं, स्टूल गेलं, घंटा गेल्या. उरली दातांच्या डॉक्टरच्या घरातली खिडकी.

घरी पोचेपर्यंत मामांनी एक गोष्ट पक्की केली. फोन हरवलेला नाही. चोरीला गेलेला आहे. हरवतो तो म्हाताऱ्याचा, चोरीला कुणाचाही जातो.

मुलीने स्वतःच्या फोनवर नकाशा उघडला. नकाशावर एक करडा ठिपका निपचित पडला होता.

"हे बघा. शेवटचा दिसला तो तुमच्या थिएटरात. पहिल्या घंटेच्या सुमाराला. त्यानंतर बंद. बंद फोन काही सांगू शकत नाही."

"चोर पहिलं काम काय करतो? फोन बंद."

"आणि तुम्ही पहिल्या घंटेला काय करता, बाबा?"

फोन वाजवणाऱ्या प्रेक्षकांवर मामा इतके खवळत की पहिल्या घंटेला स्वतःचा फोन बंद करणं हा त्यांनीच स्वतःला घातलेला दंडक होता.

"एक सोय आहे," मुलगी म्हणाली. "मी इथून वाजवायची सूचना देऊन ठेवते. फोन ज्या क्षणी चालू होईल त्या क्षणी कोकलायला लागेल. आणि पडद्यावर निरोप येईल. पासवर्ड तरी ठेवलाय का?"

"कुलूप लावायला त्यात आहे काय?"

जावई सोफ्यावरून म्हणाले, "चोराला एवढं आदरातिथ्य कुणी केलं नसेल." जावई स्वभावाने गरीब. विनोदही आवाज खाली करून करीत.

"निरोपात काय लिहू?" असं विचारत मुलीने लिहायला घेतलंसुद्धा. काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. ते चोराच्या विचारात होते.

कारण चोरी म्हटली की चोर हवा. मामांनी कंपनीतल्या एकेकाला मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि एकेकाला सोडून दिलं. लाइटवाला? त्याच्या आजारपणात याच मामांनी त्याला डबा पोचवला होता. पडदेवाला? त्याला स्वतःचाच फोन उचलता येत नाही. एकाही माणसाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. तेव्हा चाळीस वर्षं नाटकात काढलेल्या माणसाने करावं तेच मामांनी केलं. एक नवं पात्र लिहिलं.

पोलीस चौकीत ते पात्र नुसतं चौकडीच्या शर्टात होतं. डोअरकीपरला सांगताना त्याला मिशी आली. रंगपटात चहा पिताना ते डाव्या पायाने किंचित लंगडू लागलं.

"मामा," कपडेपटाच्या ताई नाटकात मुख्य काम करणाऱ्या नटवर्यांच्या कोटाचं बटण शिवत म्हणाल्या, "सकाळी तुमचा चोर तुळतुळीत होता. दुपारपर्यंत एवढी दाट मिशी?"

"तुम्ही बटणाकडे बघा."

"बघतेच आहे. आणि नटवर्यांचा दुसरा कोट धुलाईवाल्याकडून आला नाही अजून, तेही बघते आहे. चोराला कोट लागला तर सांगा, माप घेते."

आता नाटकाचा एक जुना कायदा आहे. रंगमंचावरच्या पात्राला जे ठाऊक नसतं ते प्रेक्षकांना आधीच ठाऊक असावं, म्हणजे खुर्चीत बसायला मजा येते. तेव्हा सांगूनच टाकतो. मामांचा फोन टेबलावर होता. कागदावरच्या फोनच्या घरात.

झालं होतं असं. चालू नाटकात एक फोन लागतो. त्या कामी मामांनी आपला जुना, जीव गेलेला फोन तपकिरी कव्हरासकट देऊन टाकला होता. एका प्रयोगाला नटवर्यांनी तो सवयीने कोटाच्या खिशात टाकला आणि कोट फोनसह धुलाईला गेला. पुढच्या प्रयोगाला पहिली घंटा झाली. मामांनी दंडकाप्रमाणे आपला फोन बंद केला, खिशात घालायला निघाले, आणि त्यांना कागदावर एक रिकामं घर दिसलं. मामांच्या हाताला रिकामं घर सोसत नाही. हाताने फोन घरात ठेवला. डोळ्यांनी पाहिलं, सगळी घरं भरलेली. मनाला कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला मामा स्वतःचा हरवलेला फोन पेटीतून काढत, पिवळ्या फडक्याने पुसत, स्वतःच्या हाताने घरात ठेवत आणि मग स्टुलावर बसून चोराला शिव्या घालत.

रविवारी दुपारच्या प्रयोगाला मुलगी आणि जावई आले. नाटक पाहायला नव्हे. प्रयोग संपला की मुलगी नटवर्यांना भेटणार होती. कंपनीचे मालक तेच. बाबांना या महिन्यानंतर मोकळं करा, असं ती सांगणार होती. चोरावर तिचा काडीचा विश्वास बसलेला नव्हता. तसं ती सकाळीच म्हणाली होती, आणि मामांचा चहा कपातच राहिला होता.

दारातच घोटाळा झाला. जावयांनी नवे बूट घातले होते आणि डावा बूट चावत होता. शर्ट चौकडीचा होता. मिशी तर लग्नाआधीपासूनची.

डोअरकीपरने त्यांचा दंड धरला. "या, या. तुमचीच वाट बघत होतो."

"अहो, मी मामांचा जावई."

"चोर काय, कुणाचाही जावई असतो."

मुलीने सोडवलं. डोअरकीपरने माफी मागितली, पण वर्णन किती हुबेहूब होतं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. दातात कीड सापडल्यावर मुलगी जसे डोळे बारीक करी, तसे तिने केले.

तिसरी घंटा झाली. नाटक असं होतं: एक रागीट म्हातारा. मुलीशी भांडून बसलेला. तिसरा अंकभर तो तिच्या फोनची वाट पाहतो. फोन येत नाही. शेवटी तो फोन हातात घट्ट धरून बसतो आणि हळूहळू अंधार होतो. या शेवटावर नटवर्यांचा फार जीव.

त्या दिवशी पहिल्या रांगेत एक समीक्षक बसला आहे, असं कुणी तरी नटवर्यांच्या कानात सांगितलं. तो पाणीपुरवठा खात्यातला गृहस्थ होता, पण चेहरा समीक्षकाचा. त्यामुळे नटवर्य असे काही रंगात आले की शेवटच्या प्रसंगात त्यांनी फोन दोन्ही हातांनी कवटाळला, कपाळाला लावला आणि बाजूचं बटण दाबलं जाईपर्यंत पिळला.

फोन उजळला. नटवर्यांच्या सुरकुत्यांवर निळसर उजेड पसरला. प्रेक्षकांना वाटलं, काय प्रकाशयोजना आहे. लाइटवाल्यालाही तसंच वाटलं आणि त्याने दिवे आणखी उतरवले.

मग त्या शांततेत फोन कोकलायला लागला.

विंगेत मामा ताडकन उठले. मस्तकात तिडीक गेली. "कोण आहे तो," ते दातओठ खात पुटपुटले, "बाहेर काढा त्याला." सगळं प्रेक्षागृह आपापले खिसे चाचपू लागलं. पाणीपुरवठ्यातला गृहस्थ घाबरून उभाच राहिला. जावई बायकोच्या कानाशी वाकले. "अगं, हा तर तू लावून ठेवलेला ठणाणा."

मामांनी विंगेतून वाकून पाहिलं. मग मान वळवून टेबलाकडे पाहिलं. कागदावर फोनचं घर रिकामं होतं. फोन गेला होता तो रंगमंचावर. आणि रंगमंचावरचा फोन मेलेला असतो. तो वाजत नाही. मामा स्टुलावर बसले.

समोर नटवर्य एक क्षण दगड झाले. ज्या फोनने वाजायचं नाही यावर सगळं नाटक उभं, तो वाजत होता. पण जुनं हाड. त्यांनी सावकाश चष्मा चढवला, फोनचा पडदा डोळ्यांजवळ नेला आणि तिथे जे लिहिलं होतं ते खालच्या पट्टीत वाचलं.

"हा फोन माझ्या बाबांचा आहे. ते चिडके वाटतात, पण तसे नाहीत. फोनशिवाय त्यांना करमत नाही, पण ते कबूल करायचे नाहीत. कृपया त्यांना परत द्या. त्यांची मुलगी."

शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचा आवाज खरोखरच फाटला. अंगठ्याने चाचपडत त्यांनी फोन गप्प केला, छातीशी धरला, आणि पडदेवाल्याला काही सुचेना म्हणून त्याने पडदा पाडला. टाळ्या थांबेनात. पाणीपुरवठ्यातला गृहस्थ डोळे पुसत होता. अकराव्या रांगेत एक दातांची डॉक्टर आ वासून बसली होती.

ती मागे आली तेव्हा मामा टेबलापाशी उभे होते. मान खाली. कपडेपटाच्या ताईही नेमक्या तेव्हाच आल्या. धुलाईवाल्याकडचा कोट एका हातात, तपकिरी कव्हरातला मेलेला फोन दुसऱ्या हातात. "खिशात होता. कुणाचा हा?" मग दोघांची तोंडं पाहून म्हणाल्या, "काखेत कळसा. मी जाते."

"चोर नव्हता," मामा म्हणाले.

"ते मला माहीत आहे, बाबा."

"मीच ठेवला. माझ्याच हाताने. तू म्हणतेस ते खरं आहे. सांग नटवर्यांना काय सांगायचं ते."

मुलीने कागदाकडे पाहिलं. चष्मा चष्म्यात, कप कपात, बाटली बाटलीत. तिने फोनच्या रिकाम्या घरावरून बोट फिरवलं. पेन्सिलीची रेघ कुठे तुटलेली नव्हती.

"घरी ओट्यावर आखलं होतं तसंच," ती म्हणाली.

तेवढ्यात नटवर्य आले. रंग अर्धा पुसलेला, डोळे चमकत होते. मुलगी त्यांना काही सांगणार, त्याआधीच त्यांनी तिचा हात धरला.

"मुलगी तुम्हीच ना? हा शेवट आता कायम. लोक ढसाढसा रडले. मामा, हाच फोन, असाच बंद, याच जागेवर. चालू मी करीन. आणि बाई, तुम्ही तेवढं ते वाजवायचं बटण दर प्रयोगाला दाबायचं. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"माझा दवाखाना असतो हो," मुलगी म्हणाली.

"रविवारी?"

मुलगी जावयांकडे पाहू लागली. जावई बूट काढून पाय चोळत होते. खाली मानेने आणि खालच्या आवाजात ते म्हणाले, "मी शर्ट बदलून येत जाईन."

मुलगी हसली आणि नटवर्यांशी बोलायचं ते राहूनच गेलं. मामांनी नटवर्यांच्या हातातून आपला फोन घेतला, बंद केला, पिवळ्या फडक्याने पुसला आणि कागदावरच्या घरात ठेवला. भुवया पुन्हा वर चढल्या.

"तुझं काम तिसऱ्या अंकात आहे," ते मुलीला म्हणाले, "पण पहिल्या घंटेला हजर राहायचं. आणि ती पर्स उचल तिथून, ती कपाची जागा आहे."