पुलापलीकडचा व्याही

मोरावा नदीच्या खोऱ्यात थंडीचं धुकं एकदा बसलं की उठायचं नाव घेत नाही. त्या सकाळीही ते गाड्यांच्या टपांवर ठाण मांडून होतं. ताडपत्र्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या, दारांची कुलुपं गोठली होती. सर्बियातलं निश शहर मागे टाकून उत्तरेला निघालेले आम्ही तिघे तुर्क ट्रक ड्रायव्हर हायवेच्या कडेच्या तळावर आपापली कामं उरकत होतो. मी काचेवरचा बर्फ खरवडत होतो. तुंजाय शेगडीपाशी उकिडवा बसून चहा उकळत होता. आणि बायराम लोखंडी कांब घेऊन टायर ठोकत फिरत होता. आवाजावरून हवा कळते, रोजचंच काम. पण त्या दिवशी गडी एकच टायर पुन्हा पुन्हा ठोकत होता.

"त्यात हवा हाय रं," तुंजाय म्हणाला. "लय मारशील तर जाईल."

बायरामनं वळून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. त्याचं तोंडच तसं. मर्सीनजवळच्या तार्सुसचा हा माणूस तीस वर्षं गाडी चालवतोय, पण पोटातली एक गोष्ट त्याला तोंडाआड ठेवता आलेली नाही. पत्त्यांत त्याला कुणी भिडू घेत नाही, कारण एक्का हातात आला की त्याच्या भुवया कपाळावर चढतात. एकदा जकातीच्या माणसानं नुसतं विचारलं, "काही लपवलंय का?" तर काहीही लपवलेलं नसताना हा असा लालेलाल झाला की त्यांनी सबंध गाडी रिकामी करून पाहिली. निघाली काय, तर बायकोनं दिलेली सलगमाच्या लोणच्याची बरणी. एका हिवाळ्यात गाडी खड्ड्यात घसरली तेव्हा घरी सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. फोनवर त्याचा चेहरा दिसताच बायको म्हणाली, "कुठल्या खड्ड्यात हायेस?"

तर असा हा बायराम त्या दिवशी मुलासाठी मुलगी मागायला निघाला होता. हायवेवर.

मुलगा कोराय, मर्सीनच्या बंदरात क्रेन चालवतो. मुलगी झेलिहा, तिथंच शाळेत शिकवते. दोघांचं जमलेलं, दोघांच्या आयांचं त्याहून जास्त जमलेलं. अडलं होतं ते बापांपाशी. झेलिहाचा बाप सेय्फी हाही ड्रायव्हर, आणि रीत अशी की मुलाच्या बापानं वडीलधारं माणूस घेऊन मुलीच्या बापासमोर बसावं आणि मुलगी मागावी. पण हा घरी तेव्हा तो जर्मनीत, तो घरी तेव्हा हा ऑस्ट्रियात. ईदला दोघं घरी असतील असं ठरवलं, तर सेय्फी ट्रक नेणाऱ्या बोटीच्या रांगेत अडकला. बायरामनं फोनवरच विषय काढून पाहिला. सेय्फीनं सरळ सांगितलं की माझी मुलगी म्हणजे माल नाही, फोनवरून बुक करायला.

आता नवीनच घोर लागला होता. अदानाचा एक औषध दुकानदार रविवारी सेय्फीच्या घरी येणार होता, मुलगी मागायला. घरच्यांनी बैठकीला हो म्हटलं होतं, कारण दारी येणाऱ्याला नको म्हणायची रीत नाही. आणि सेय्फी रविवारपर्यंत घरी पोचणार होता. बायराम मात्र तेव्हा जर्मनीत माल उतरवत असणार. म्हणजे जे काय व्हायचं ते वाटेत व्हायला हवं होतं, कारण सेय्फी त्याच हायवेनं समोरून येत होता.

वाटेवरचे लोक अशा वेळी उपयोगी पडतात. आमच्यात नंबरप्लेटवरचा पहिला आकडा म्हणजे माणसाचं गाव. तेहेतीस दिसला की मर्सीनवाला मर्सीनवाल्याला हॉर्न देणार. माझा त्रेपन्न, काळ्या समुद्राकडचा. आपल्या मुलखात तेहेतीसवाला मला चिडवेल, मी त्याला. पण सर्बियाच्या धुक्यात सगळे आकडे गाववालेच. आदल्या दिवसापासून बायरामचा फोन वाजत होता. हंगेरीच्या सरहद्दीवरून एकानं कळवलं, सेय्फीची तेहेतीसची निळी गाडी सुटली. बेलग्रेडजवळून दुसऱ्यानं कळवलं, आत्ताच पुढे गेली. आणि सेय्फी थांबणार कुठं हे कुणाला विचारायची गरजच नव्हती. चहाच्या पाण्याच्या बाबतीत तो भलता चोखंदळ. या रस्त्यावर तो एकाच नळाचं पाणी पितो, आणि तो नळ आमच्या तळाच्या बरोबर समोर होता.

समोर, म्हणजे हायवेच्या पलीकडे. मध्ये चार पदरी रस्ता, दोन्ही बाजूंनी कुंपण.

"तो तिकडं, मी इकडं," बायराम म्हणाला. "गाडी वळवायची तर बराच पुढं जायला लागतंय. तंवर तो पाणी भरून गेला बी."

मी त्याला पूल दाखवला. थोडं पुढे शेतकऱ्यांचा एक अरुंद पूल हायवेवरून जात होता, बैलगाडी-ट्रॅक्टरपुरता. त्याचा चेहरा असा उजळला की धुकं हटलं की काय असं वाटलं.

मग तयारी. मिठाई तयार होतीच. बायकोनं गेल्या तीन फेऱ्यांना गाजराच्या वड्यांचा डबा बांधून दिला होता, वेळ आली तर हाताशी असावा म्हणून, आणि दर वेळी तो जकातवाल्यांनी संपवला होता. या खेपेचा डबा त्यानं उशीखाली ठेवून आणला होता. फुलं मात्र नव्हती. मुलगी मागायला फुलांशिवाय कसं जायचं? यातली मौज अशी की तुंजायच्या गाडीत अंताल्याचे कार्नेशन होते, हॉलंडला निघालेले. गाडीभर फुलं आमच्यापासून चार पावलांवर, पण दाराला सील. सील तोडलं तर नोकरी गेली. बायराम त्या दाराकडं असा बघत होता की मलाच गलबलून आलं. शेवटी तुंजायनं आपल्या स्वयंपाकाच्या पेटीतून पुदिन्याची जुडी काढली, देठ पाण्यानं धुतले आणि लाल दोऱ्यानं बांधून दिली.

"वास तरी हाय," तो म्हणाला.

आता राहिलं वडीलधारं माणूस. दोघंही माझ्याकडं बघू लागले. माझ्या पांढऱ्या मिशीला असला मान आजवर मिळाला नव्हता.

"जेव्देत आबी, तूच बोल," बायराम म्हणाला. आबी म्हणजे आमच्यात थोरला भाऊ. "मी तोंड उघडलं की वाट लागती."

मी म्हटलं, तुझं तोंड उघडायचीही गरज नसते.

निळी गाडी समोर लागली तशी आम्ही निघालो. पुढे मी मफलर सारखा करत, मागे छातीशी मिठाईचा डबा धरलेला बायराम, त्याच्यामागे पुदिना घेऊन तुंजाय. पुलाखालून गाड्या धुकं फाडत जात होत्या. एका तुर्क गाडीवाल्यानं खालून आम्हाला पाहिलं, काय चाललंय ते त्याला फोनवरून आधीच कळलं असणार, कारण त्यानं हॉर्न धरला तो लग्नाच्या वरातीसारखा लांबपर्यंत.

सेय्फी ट्रेलरच्या पोटाला लावलेल्या पेटीचं दार खाली पाडून त्याचा ओटा करून बसला होता. आम्हाला बघून त्यानं शेगडी बारीक केली, बसायला दुधाचे क्रेट पालथे घातले आणि पहिलंच वाक्य बोलला ते असं की माझं घड्याळ पाऊण तासच उभं राहू देतं. गाडीतलं घड्याळ आमचा खरा मालक, ते विश्रांती मोजतं आणि चाकं फिरवायलाही तेच लावतं. नमस्कार-चमत्कार झाले. हवापाणी, डिझेल, सरहद्दीवरची रांग, घरच्यांची तब्येत, सगळं रीतीप्रमाणे विचारून झालं. सेय्फीनं पुदिन्याचा वास घेतला, पाण्याच्या ग्लासात जुडी उभी करून ठेवली. मग मी घसा साफ केला.

"सेय्फी उस्ता," मी त्याला उस्तादाचा मान देत म्हणालो, "अल्लाच्या हुकमानं आणि पैगंबरांच्या शब्दानं, तुमची झेलिहा आमच्या कोरायसाठी मागायला आलोय."



सेय्फीनं उकळतं पाणी शेगडीवरून उतरवलं. मग बायरामकडं वळून म्हणाला, "मुलगा चांगला हाय. मला त्याची काळजी न्हाय. मला काळजी तुमची हाय."

"माझी?"

"तुमच्या घरात झाकलेलं काय राहतं का? उद्या माझ्या पोरीचं नवऱ्याशी वाजलं, डोळ्यांत पाणी आलं, तर संध्याकाळी तुमचं तोंड बघून अख्ख्या तार्सुसला कळंल. सुनेचं काही सासऱ्याच्या पोटात राहायला पायजे की नको?"

तुंजायनं मान खाली घातली. खरंच होतं. बायरामचा चेहरा तर काय, खाली पडायचा तेवढा राहिला होता.

"आता रीत अशी," सेय्फी उठत म्हणाला, "की मुलगी कॉफी करते आणि मुलाच्या कपात मीठ घालते. तोंड वाकडं न करता प्याला तर तो संसार निभावणार. इथं मुलगी न्हाय, मुलगा न्हाय. दोघांच्या जागी आपण दोघं."

त्यानं लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात कॉफी चढवली. चार लहान कप मांडले. आम्हाला साधी दिली. बायरामच्या कपात आमच्या डोळ्यांदेखत मिठाचा चमचा घातला, शीग लावून, आणि सावकाश ढवळला.

मी मनात म्हटलं, झालं. तीस वर्षांत ज्या तोंडाला साधा एक्का लपवता आला नाही, ते आता मीठ काय लपवणार. तुंजाय माझ्या कानात पुटपुटला की निदान मिठाईचा डबा परत मागून घेऊ.

बायरामनं कप उचलला. एकदा त्या पुदिन्याच्या जुडीकडं पाहिलं. आणि पहिला घोट घेतला.

काही झालं नाही. भुवई हलली नाही, ओठ मुडपला नाही. डोळ्यांत एवढंसं पाणीही नाही. दुसरा घोट घेऊन तो म्हणाला की यंदा धुकं जरा जास्तच आहे. तिसऱ्या घोटाला त्यानं सेय्फीला विचारलं की परतीचा माल कुठला. मी त्या माणसाला ओळखत नव्हतो. दगडात कोरल्यासारखं शांत तोंड, चार गोष्टी बोलणारं, आणि घोटाघोटानं खाली जाणारा कप. फक्त त्याचे दोन्ही कान पेटल्यासारखे लाल झाले होते.

त्यानं कप रिकामा केला, बशीत ठेवला आणि विचारलं, "भांड्यात उरलीय का थोडी?"

सेय्फीनं त्याच्या कानांकडं पाहिलं, अगदी निरखून.

"थंडी लय हाय," सेय्फी म्हणाला. "कान लाल झालेत तुमचे."

"व्हय," बायराम म्हणाला. "थंडीच."

सेय्फीच्या मिशीखाली काहीतरी हललं. खिशातून फोन काढून तो म्हणाला, "फोनवर मुलगी देणार न्हाय म्हणालो होतो. फोनवर मुलीला विचारणार न्हाय असं कुठं म्हणालो."

झेलिहाची बहुतेक मधली सुट्टी होती, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. बापानं सगळं सांगितलं, कॉफीसकट. तिचा पहिला प्रश्न, "मीठ किती घातलंत बाबा?"

"चमचाभर. शीग लावून."

"आणि प्यायले?"

"वर आणखी मागतायत."

पलीकडं तिनं पोरांना गप्प केलं. मग ती म्हणाली, "मग माझं काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्या अदानावाल्यांना आजच कळवा, उगाच मिठाई घेऊन यायचे." आणि जरा थांबून, "आणि सासऱ्यांना पाणी द्या आधी."

सासऱ्यांना, म्हणाली. बायरामनं पाणी घेतलं नाही. व्याह्यासमोर पाणी पिणं म्हणजे हार कबूल करणं, असं त्यानं आपलं ठरवून टाकलं होतं. सेय्फीनं गाजराच्या वड्यांचा डबा उघडला, पहिली वडी बायरामच्या तोंडात घातली आणि मिठी मारली. "व्याही," तो म्हणाला. इतका वेळ तुम्ही-आम्ही चाललं होतं ते तिथं संपलं. "आता तू माझ्या नळाचं पाणी बी प्यायचंस."

घड्याळ वाजलं. निळी गाडी सुरू झाली. आमच्यात घरचं माणूस प्रवासाला निघालं की बायका उंबऱ्यातून त्याच्या मागे पाणी ओततात, वाट वाहत्या पाण्यासारखी सरळ होवो म्हणून. घरचेच ओततात, परका नाही. बायरामनं नळावर बाटली भरली आणि गाडी हलताच मागच्या चाकांमागं सगळी रिकामी केली. आरशातून सेय्फीनं पाहिलं. हॉर्न दिला नाही, नुसता हात बाहेर काढला आणि धुक्यात शिरेपर्यंत तसाच ठेवला.

परत येताना पुलाच्या मध्यावर बायराम थांबला. मागं वळून निळी गाडी खरंच दिसेनाशी झालीय याची खात्री केली. आणि मग काय तोंड वाकडं केलं त्यानं. तीस वर्षांत इतकं वाकडं पाहिलं नव्हतं. डोळे मिटले, जीभ बाहेर, कठड्याला धरून खोकला, हसला, रडला, सगळं एकदम. तुंजायनं आपली पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यानं एका दमात संपवली. खालून जाणाऱ्या कुठल्याशा गाडीनं हॉर्न दिला तसा हा दोन्ही हात वर करून ओरडला, "दिली रं, पोरगी दिली." ड्रायव्हरला काय ऐकू गेलं असणार? पण त्यानंही पुन्हा हॉर्न दिला.

तळावर आलो तेव्हा चहा आटून काढा झाला होता. तुंजायनं तो ओतून भांडं घासायला घेतलं. मी काचेचा उरलेला बर्फ काढू लागलो. फोनवर फोन येत होते, हंगेरीपासून तुर्कस्तानच्या सरहद्दीपर्यंत सगळ्यांना बातमी हवी होती, पण बायरामनं फोन केबिनमध्ये टाकला, चाकाला टेकवून ठेवलेली कांब उचलली आणि राहिलेले टायर ठोकायला घेतले. या खेपेला प्रत्येकाला एकेकदाच.